स्मृतिभ्रंशग्रस्त जोडीदाराची शुश्रूषा आणि काळजीवाहकाचे आरोग्य

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया झालेल्या पतीची वा पत्नीची वर्षानुवर्षे देखभाल करताना काळजीवाहकाच्या शरीरावर व मनावर परिणाम होतात. काळजीवाहक बहुधा स्वतःही उतारवयातला असतो. रुग्णाच्या विसरण्यापेक्षा त्याचे रात्री उठून हिंडणे, संशय घेणे, अंघोळीला नकार देणे यांनी तो अधिक मेटाकुटीला येतो. झोप मोडते, स्वतःच्या रक्तदाबाच्या तपासण्या लांबणीवर पडतात. नैराश्याचे प्रमाणही या गटात जास्त आढळते.

हा नुसता मनाचा शीण नव्हे, हे अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. १९९५ मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर ३.५ मिलिमीटरची जखम केली. त्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रियांपेक्षा त्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. पुढच्याच वर्षी रुग्णांच्या जोडीदारांमध्ये फ्लूच्या लसीला मिळणारा प्रतिसाद क्षीण आढळला. २००३ चा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे: दाह दर्शवणारे इंटरल्यूकिन-६ हे द्रव्य या जोडीदारांच्या रक्तात इतरांच्या सुमारे चौपट वेगाने वाढत होते आणि रुग्णाच्या मृत्यूनंतरही कित्येक वर्षे तो वेग ओसरला नव्हता.

शुल्ट्झ व बीच यांच्या १९९९ च्या अभ्यासात ताण जाणवणाऱ्या वृद्ध काळजीवाहक जोडीदारांचा चार वर्षांतील मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी अधिक निघाला. त्यातले सगळेच रुग्ण स्मृतिभ्रंशाचे नव्हते, आणि शुश्रूषा करूनही ताण न जाणवणाऱ्यांत ही वाढ दिसली नाही, हे अनेकदा सांगायचे राहून जाते. यूटा राज्यातील १,२२१ जोडप्यांच्या पाहणीत (२०१०) रुग्णाच्या जोडीदाराला स्वतःला स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सहापट आढळला. मात्र त्यात एकत्र काढलेल्या आयुष्यातील समान आहार-सवयींचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यांना सांभाळले जाते ते मुख्यतः घरीच. महाराष्ट्रातही ‘बायकोने करायचेच असते’ हे गृहीत असल्याने तिचा थकवा डॉक्टरपर्यंत क्वचितच पोहोचतो. ताण मोजायला २२ प्रश्नांची झॅरिट प्रश्नावली वापरतात. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी काळजीवाहक जोडीदाराबरोबर मुलांना व इतर नातेवाइकांनाही समुपदेशनाला बसवले, पुढे गरजेनुसार फोनवर सल्ला चालू ठेवला. त्या घरांतील रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे दीड वर्षाने लांबली.