आतून कोरडी, तरच स्थिर

गोव्यात नदीकाठी दिसणारी रंगीत प्लॅस्टिकची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान होडी, हा चहूबाजूंनी बंद, आतून पोकळ डबा. बसायचं त्या डब्याच्या वर, उघड्या खाचेत. लांबी साधारण 3 मीटर, रुंदी 75 ते 85 सेंटिमीटर, वजन 20 ते 30 किलो. नवशिक्यालाही ती सहसा पाण्यात टाकत नाही. हा गुण कशामुळे येतो आणि कधी नाहीसा होतो, हे ती विकत घेणाऱ्याला ठाऊक हवंच.

माणूस उंचावर बसला की गुरुत्वमध्य वर जातो. त्याची भरपाई रुंदी करते. होडी कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, तिकडून पाणी जास्त वर रेटतं आणि ती सरळ होते. हा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: 60 ऐवजी 80 सेंटिमीटर रुंदी घेतली, तर सुमारे 2.4 पट. वेग मात्र जातो. ताशी 4-5 किलोमीटरच्या पुढे कितीही जोर लावला तरी फारसं काही मिळत नाही. वल्हंही लांब लागतं, 230 सेंटिमीटरच्या आसपास. आखूड असलं की दर फटक्याला कडेवर आपटतं.

बैठकीत आणि पायांपाशी आरपार भोकं असतात, त्यांना स्कपर म्हणतात. भोकं असून बुडत कशी नाही? प्रत्येक भोक ही वरून तळापर्यंत गेलेली नळी असते. तिच्यातून आतल्या पोकळीत वाट नाही. नळीत पाणी नदीच्या पातळीइतकंच चढतं, आणि बैठक त्याहून वर असल्यामुळे अंगावर उडालेलं पाणी खाली निघून जातं. पाण्याला टेकलेला भाग 1.6 चौरस मीटर धरला, तर दर 10 किलोला होडी जवळपास 6 मिलिमीटर खाली बसते. जास्त लादलं की बैठकीतच पाणी साचतं. आमच्या मते छापील क्षमतेच्या दोन-तृतीयांशापुढे जाऊच नये.

खरा धोका पोकळीत शिरलेल्या पाण्याचा. 15-20 लिटर पाण्याने नुसतं वजन वाढत नाही. ते तळभर पसरतं आणि होडी जराशी कलली की सगळं त्याच बाजूला धावतं. या मोकळ्या पाण्यालाही रुंदीच्या घनाचाच हिशेब लागू पडतो, म्हणून रुंदीने दिलेलं स्थैर्य ते बरंचसं काढून घेतं. होडी नेहमीपेक्षा जास्त डुलू लागली, की लगेच काठ गाठा आणि पोकळीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच उघडून ते ओता.

हे पाणी येतं कुठून? बूच लावायचं राहतं, झाकणाचं रबर कडक होतं, किंवा स्कपरच्या नळीला तळाशी चीर जाते. रेतीवरून फरफटल्याने आणि भोकांत दांडे घालून ओढायच्या चाकगाडीमुळे अशा चिरा पडतात. बुचाच्या भोकातून तोंडाने हवा फुंका आणि नळ्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे चीर. एपॉक्सी हा चिकट गोंद लावू नका, पॉलिथिलीनवर, म्हणजे होडीच्या प्लॅस्टिकवर, तो नीट पसरत नाही आणि काही दिवसांत खपलीसारखा निघतो. त्याच प्लॅस्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करणं हाच टिकाऊ उपाय.

उन्हाचंही असंच. बूच लावून उन्हात ठेवलेल्या होडीतली हवा 50 अंशांवर गेली आणि मग होडी 28 अंशांच्या पाण्यात उतरवली, तर हवा सुमारे 7 टक्के आकसू पाहते. आत ओढ निर्माण होते आणि सैल रबराच्या फटीतून पाणी खेचलं जातं. म्हणून होडी सावलीत, कुशीवर, बूच काढून ठेवावी. बूच लावायचं ते पाण्यात ढकलण्याच्या आधी.

भरती-सुकतीचं गणित सोपं आहे. प्रवाह सेकंदाला 1 मीटर असेल तर तो ताशी 3.6 किलोमीटर होतो. त्याच्याविरुद्ध ताशी 4.5 ने वल्हवलं तरी पुढे सरकणार जेमतेम 0.9. म्हणून भरतीबरोबर नदीत वर जावं, सुकतीबरोबर परतावं. मांडवीच्या मुखाकडे दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो, आणि सुकतीचं पाणी त्याच्या समोरून आलं की लाटा उभ्या राहतात. त्याआधीच काठाला या. खाजणाच्या (नदीकाठच्या खारट सखल शेतजमिनीच्या) बांधातल्या मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ, जाऊ नका, त्यातून पाणी फार जोरात निघतं आणि तोंडाशी जाळं लावलेलं असू शकतं. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे तर उतरूच नये.

उलटलीच तर पुन्हा चढणं कमरेएवढ्या पाण्यात आधी शिकून घ्या, लाइफ जॅकेट घालूनच. पलीकडची कड धरून होडी सुलटी करा. मग पाय मागे पाण्यावर आणून लाथा मारत पोटावर वर सरका. उभ्यानेच लोंबकळलात तर पाय होडीखाली जातात आणि ती पुन्हा अंगावर येते. बेंबी बैठकीवर आली की वळून उताणे व्हा, बूड खाचेत टेकवा, पाय शेवटी आत घ्या.