ठासणीच्या बंदुकीला काडतुसी बंदुकीची नळी

ठासणीच्या बंदुकीची नळी मागच्या बाजूने कायमची बंद असते. दारू, पुठ्ठ्याचे डाट आणि छरे हे सगळे पुढच्या तोंडातून घालून गजाने ठासले जाते. ब्रिटन-अमेरिकेत अशा बंदुका आजही हौसेने चालवणारे अनेक लोक आहेत, आणि जुनी नळी आतून गंजून खड्डे पडलेली निघाली की तिच्या जागी आजच्या काडतुसी शॉटगनची नळी बसवावी, हा विचार त्यांच्यात हटकून पुढे येतो. पोलाद उत्तम, आतला पृष्ठभाग गुळगुळीत आणि व्यासही जुळणारा, मग अडचण कुठे आहे? माझ्या मते अडचण पोलादात नाहीच. नळीचा प्रत्येक भाग एका ठरावीक प्रकारच्या ज्वलनासाठी आखलेला असतो, ही गोष्ट नजरेआड होते.

व्यास जुळण्याचे कारण जुन्या मोजमापात आहे. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे 12 गोळे केले, तर त्यांतला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती 12 बोअरची नळी होय; तिचा आतला व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर भरतो. ठासणीच्या आणि काडतुसी अशा दोन्ही बंदुकांना हेच माप लागू असल्याने 12 हा आकडा पाहून दोन्ही नळ्या एकसारख्या वाटतात. प्रत्यक्षात काडतुसी नळी मागच्या टोकाला अधिक रुंद असते. तिथे काडतुसाचे घर असते, त्याचा व्यास पुढच्या नळीपेक्षा सुमारे 2 मिलिमीटरने जास्त असतो, आणि दोन्ही मापे एका छोट्या शंकूने जोडलेली असतात. त्या घरात काडतूस नसेल आणि मागून नुसते बूच मारले, तर पुढून ठासलेला 18.5 मिलिमीटरचा डाट रुंद भागात सैल पडतो. दारूवर तो घट्ट बसत नाही, वायू त्याच्या कडेने निसटतो, आणि दारू व छरे यांच्यात पोकळी राहण्याचा धोका निर्माण होतो. अशा पोकळीमुळे नळी गोलाकार फुगल्याची उदाहरणे बंदूक दुरुस्त करणाऱ्यांना चांगली परिचित आहेत.

मग रुंद भाग कापूनच टाकला तर? इथे भिंतीच्या जाडीचा प्रश्न येतो. नळीच्या भिंतीवर परिघाच्या दिशेने येणारा ताण ढोबळमानाने दाब गुणिले आतली त्रिज्या भागिले भिंतीची जाडी इतका असतो. युरोपात प्रमाण मानल्या जाणाऱ्या सी.आय.पी. या संस्थेच्या नियमांनुसार 12 बोअरच्या सर्वसाधारण काडतुसाचा कमाल दाब 740 बार, म्हणजे 74 मेगापास्कल धरला जातो. काडतुसाच्या घराची भिंत 4 मिलिमीटर मानली, तर तिथला ताण सुमारे 190 मेगापास्कल येतो. नळीच्या मध्यावर भिंत जेमतेम पाऊण मिलिमीटर असू शकते. तोच दाब तिथे पोहोचला तर ताण 900 मेगापास्कलच्या वर जाईल. बांधकामाचे साधे पोलाद 250 मेगापास्कलच्या आसपासच कायमचे ताणले जाऊ लागते, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. एरवी छरे पुढे सरकत असताना दाब झपाट्याने उतरतो, म्हणूनच कारागीर पुढची भिंत पातळ ठेवू शकतो आणि बंदूक हलकी होते. घर कापले की नेमका सर्वांत जाड भाग निघून जातो आणि सर्वाधिक दाबाची जागा त्यापेक्षा पातळ भिंतीवर येते.

पोलादाइतकाच दारूचाही विचार करावा लागतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू साधारण 75, 15 आणि 10 या प्रमाणात बनते. तिचा दाणा पृष्ठभागावरून जळतो आणि दाब वाढला तरी ज्वलनाचा वेग फारसा वाढत नाही. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञाने 1884 मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून केलेली धूरविरहित दारू वेगळ्या स्वभावाची आहे. तिच्या ज्वलनाचा वेग दाबाबरोबर जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो: दाब वाढला की ज्वलन वाढते, ज्वलन वाढले की दाब आणखी वाढतो. काडतुसात दारूचे वजन, डाट आणि छरे कारखान्यात ठरवलेले असतात, त्यामुळे ही साखळी आटोक्यात राहते. ठासणीच्या बंदुकीत दारू हाताने मोजली जाते आणि गजाचा जोर प्रत्येक वेळी वेगळा पडतो. तिथे धूरविरहित दारू कधीही घालायची नसते. आधुनिक पोलादाची नळी पाहून कुणाला ही दारू चालेल असे वाटणे, हाच या बदलातला सर्वांत मोठा धोका मला वाटतो.

काळ्या दारूचीही स्वतःची कटकट आहे. तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग जळल्यानंतर घन राखेच्या रूपात उरतो. ही राख हवेतला ओलावा शोषून घेते आणि नळीला गंज चढवते, म्हणून गोळीबारानंतर नळी धुवावीच लागते. बुचाच्या आट्यांत राख अडकून राहिली तर नेमकी तीच जागा आतून खाल्ली जाते. शिवाय अनेक आधुनिक नळ्यांच्या तोंडाशी छरे एकवट राहावेत म्हणून चोक, म्हणजे किंचित आवळलेला भाग असतो. मागच्या व्यासाला घट्ट बसणारा डाट या अरुंद तोंडातून आत जाताना दुमडतो, आणि दुमडलेला डाट दारूवर नीट बसत नाही.

असे असूनही जाणकार बंदूककार हे काम करतात, मात्र ते नळी स्वतः मोजून, बूच नव्याने घडवून आणि नंतर चाचणी करून घेऊन. ही चाचणी म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार मुद्दाम उडवून नळी तपासणे आणि टिकली तर तिच्यावर शिक्का मारणे. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला 1637 मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षणगृह 1813 मध्ये संसदेच्या कायद्याने उभे राहिले. नळीत मोठा बदल करून तिची ताकद कमी झाली, तर जुना शिक्का ग्राह्य धरला जात नाही आणि नव्याने चाचणी घ्यावी लागते. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका बाळगल्या जातात. भारतात मात्र बंदुकीत असा बदल करायलाच, 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार, वेगळा परवाना लागतो.