नवं रक्त येणं थांबतं तेव्हा

कॉकटेल या छोट्या पोपटाचं पिल्लू आठ-दहा दिवसांचं झालं की त्याच्या पायात बंद रिंग घालायची वेळ येते. पोपटवर्गातल्या पक्ष्यांची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. पुढची दोन आणि मागचं लांब बोट एकत्र जुळवायचं, त्यावरून रिंग सरकवायची, आणि मागचं आखूड बोट पायाला चिकटून रिंगखाली अडकलं की टोक बोथट केलेल्या काडीने ते हलकेच सोडवून घ्यायचं. दोन दिवस लवकर घातली तर रिंग गळून घरट्याच्या मटकीत पडते. तीन-चार दिवस उशीर झाला तर बोटांच्या पेरांवरून जातच नाही, आणि जोर लावला तर पाय दुखावतो. मोठ्या पक्ष्याच्या पायात ही अखंड रिंग मुळीच जात नाही. म्हणूनच ती पुरावा ठरते: हा पक्षी पिल्लू असताना माणसाच्या हातात होता. आयातीवर बंदी असलेल्या देशांत या ॲल्युमिनियमच्या कड्याला एवढं मोल आलं ते यामुळेच.

बंद्या आल्या त्या आधी रोगांच्या भीतीने. 1929-30 मध्ये दक्षिण अमेरिकेतून आलेल्या ॲमेझॉन पोपटांबरोबर सिटॅकोसिस हा पक्ष्यांकडून माणसाला होणारा रोग पसरला, माणसं दगावली, आणि जानेवारी 1930 मध्ये अमेरिकेने पोपटांची आयात तडकाफडकी थांबवली. बंदी पुढे सैल झाली. मग 1971 मध्ये कॅलिफोर्नियात न्यूकॅसल हा पक्ष्यांचा साथीचा रोग आला. त्याचा माग आयात केलेल्या पोपटांपर्यंत पोचला, आणि सुमारे 1 कोटी 20 लाख पक्षी मारावे लागले, त्यातले बहुतेक कोंबड्या. आयात रोखणाऱ्या 1992 च्या अमेरिकी कायद्याचं कारण मात्र वेगळं होतं: रानातले पोपट वाचवणं. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2005 मध्ये बर्ड फ्लूमुळे दार लावलं आणि जुलै 2007 पासून ते कायमचं केलं. आता तिथे ठरावीक देशांतल्या मान्यताप्राप्त केंद्रांत जन्मलेले पक्षीच येऊ शकतात. युरोपच्या या एका निर्णयाने रानपक्ष्यांचा जागतिक व्यापार सुमारे 90 टक्क्यांनी घटला.

रानाला याचा फायदा झाला, हे आकड्यांत दिसतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या 21 जातींच्या चार हजारांहून अधिक घरट्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या तेव्हा सरासरी 30 टक्के घरट्यांतून पिल्लं चोरली गेल्याचं दिसलं, आणि 1992 नंतर हे प्रमाण स्पष्टपणे उतरलं. माझ्या मते बंदीच्या बाजूने एवढा एक मुद्दा पुरेसा आहे. पण दाराच्या आतल्या बाजूला, पिंजऱ्यांत काय घडतं, ते ब्रीडरने नीट समजून घ्यायला हवं.

आयात चालू होती तोवर रानातून पकडलेला आफ्रिकन ग्रे पोपट पिंजऱ्यात पैदा केलेल्यापेक्षा स्वस्त पडे. पैदाशीला कोणी फारसं मनावर घेत नसे. त्यातून रानातले पक्षी बुजरे. जोडी लावली तरी अनेकदा वर्षानुवर्षं अंडी देत नसत. अनेक पोपटांत नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे दोन नर किंवा दोन माद्या ‘जोडी’ म्हणून एकाच पिंजऱ्यात वर्षं काढत. दार बंद झालं आणि हा खेळ परवडेनासा झाला. पिसाच्या मुळातून किंवा रक्ताच्या थेंबातून डीएनए काढून नर-मादी ओळखणं नित्याचं झालं. पहिली अंडी काढून इनक्युबेटरमध्ये, म्हणजे उबवणीच्या यंत्रात, ठेवायची म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते, ही युक्तीही सर्रास झाली.

खरा प्रश्न इथेच सुरू होतो. बाहेरून पक्षी येत नसेल तर पिंजऱ्यांची संख्या वाढते, पण घराणी वाढत नाहीत.

हिशेब सोपा आहे. समजा, एकमेकांशी नातं नसलेल्या 10 जोड्या आहेत आणि सगळ्यांची पिल्लं पुढच्या पैदाशीला राहतात. 20 पक्ष्यांच्या अशा बंद समूहात प्रत्येक पिढीला अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या पैदाशीचं प्रमाण, साधारण 1 भागिले 40 (पक्ष्यांची दुप्पट), म्हणजे 2.5 टक्के वाढतं. पाच पिढ्यांनी ते सुमारे 12 टक्क्यांवर जातं. सावत्र भाऊ-बहिणीची जोडी लावल्यावर पिल्लात जेवढं येतं, जवळपास तेवढं. आता खरी परिस्थिती घ्या: जोड्या दहाच, पण भरभरून अंडी देणाऱ्या चारच. पिल्लं त्याच चार जोड्यांची राहिली तर वाढ दर पिढीला 6.25 टक्के होते, आणि पाच पिढ्यांनी सुमारे 28 टक्के. सख्ख्या भाऊ-बहिणीच्या पिल्लात ते 25 टक्के असतं. पिंजरे दहाच्या दहा भरलेले, पण आत चार घराण्यांचंच रक्त.

म्हणून उत्तम जोडीची पिल्लं विकायची आणि कमी देणाऱ्या जोडीची ठेवायची, हे ऐकायला उलटं वाटलं तरी बंद समूहात तेच बरोबर असतं. प्रत्येक जोडीची सारखीच पिल्लं, शक्यतो एक नर आणि एक मादी, पुढे राखली तर तेवढ्याच पक्ष्यांत अंतःप्रजनन जवळजवळ निम्म्या वेगाने वाढतं. पहिली अंडी काढून एकाच जोडीकडून वर्षाला तिप्पट पिल्लं घेणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावं.

पिढीची लांबी महत्त्वाची. लव्हबर्ड वर्षभरात पैदाशीला येतो, म्हणजे पाच पिढ्या पाच-सहा वर्षांत उरकतात. मकाव पाच-सहा वर्षांचा होईतो जोडीला लागत नाही. तिथे तेवढ्याच पिढ्यांना तीस-चाळीस वर्षं लागतात. मकाव हळू वाढतो म्हणून लोक कुरकुरतात, पण या बाबतीत ती संथ गतीच त्याला वाचवते.

नुकसान दिसतं ते अंड्यात. पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच मरतं, ज्याला ब्रीडर ‘डेड इन शेल’ म्हणतात. दरवेळी दोष रक्ताचाच असतो असं नाही, म्हणून आधी यंत्र तपासावं. तापमान 37.2 ते 37.4 अंश सेल्सिअस, आणि अंड्याचं वजन चोच आतून टोचेपर्यंत 13 ते 15 टक्के उतरायला हवं. 18 ग्रॅमचं अंडं तोवर साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की वजन उतरत नाही, आणि पिल्लू आतल्या ओलाव्यात गुदमरतं. अशा वेळी इनक्युबेटरमधलं पाणी काढून टाकावं, गरज पडली तर खोलीची हवा कोरडी करावी. तापमान आणि वजन दोन्ही ठीक असूनही एकाच जोडीची अंडी पुन्हापुन्हा शेवटच्या टप्प्यात मरत असतील, आणि तोच नर दुसऱ्या मादीबरोबर धडधाकट पिल्लं देत असेल, तर नात्याचा संशय घ्यावा. एकाच विक्रेत्याकडून ‘अनरिलेटेड’ म्हणून घेतलेली जोडी अनेकदा एकाच मटकीतली निघते. नर-मादीची डीएनए चाचणी नातं सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

रंगांचा बाजार याच वाटेने जातो. बरेचसे म्युटेशन, म्हणजे जनुकातल्या बदलाने आलेले रंग, सुप्त असतात. दोन स्प्लिट, म्हणजे रंग अंगात असूनही न दाखवणारे पक्षी, एकत्र आले की चारातलं एक पिल्लू रंग दाखवतं. दोन स्प्लिट लवकर जुळवायचा मार्ग म्हणजे नात्यातली जोडी. निळा रंग ज्या दाराने बाहेर येतो, त्याच दाराने सुप्त दोषही बाहेर येतात.

जोडीदार न मिळाल्यावर दुसरी चूक घडते, ती म्हणजे संकर. सन कोन्युर पोपटाला जेंडे ही वेगळी जात लावली जाते, इक्लेक्टस पोपटाच्या निरनिराळ्या बेटांवरच्या उपजाती एकत्र केल्या जातात. पिल्लं सुदृढ असतात, विकली जातात, आणि दोन-तीन पिढ्यांनी शुद्ध पक्षी कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. बाहेरून नवा पक्षी येऊ शकत नसल्याने ही चूक पुसून काढता येत नाही.

टोकाचं उदाहरण स्पिक्स मकावचं. ब्राझीलच्या रानातला शेवटचा ज्ञात पक्षी 2000 मध्ये दिसेनासा झाला. पिंजऱ्यातले सगळे जेमतेम सात रानपक्ष्यांचे वंशज. नैसर्गिक जोड्यांची बरीच अंडी निष्फळ निघत. कृत्रिम रेतनाने पहिली पिल्लं कतारमधल्या एका केंद्रात 2013 मध्ये मिळाली. कोणता पक्षी कोणाशी लावायचा हे वंशावळीची नोंदवही ठरवत आली, आणि त्यातूनच 2022 मध्ये काही पक्षी बाहिया राज्यात पुन्हा सोडता आले.

बंदीची दुसरी बाजू ऑस्ट्रेलियात दिसते. त्या देशाने सुमारे 1960 पासून आपले पक्षी व्यापारासाठी बाहेर पाठवणं बंद केलं. म्हणजे आपल्या गल्लीतल्या बजरीगरपासून काकाकुव्यापर्यंत, जगभरच्या पिंजऱ्यांतले कायदेशीर ऑस्ट्रेलियन पोपट जवळजवळ सगळेच त्याआधी बाहेर पडलेल्यांचे वंशज आहेत. बजरीगर टिकला, कारण 1840 पासून तो मोठ्या संख्येने बाहेर आला होता. दार बंद होण्याआधी किती घराणी आत आली, यावर पुढची शंभर वर्षं ठरतात.

लबाडीची वाटही ठाऊक असावी. 2000 ते 2010 या काळात सॉलोमन बेटांच्या नावाने 54 हजारांहून जास्त पक्षी बाहेर गेले. त्यातले बहुतांश ‘पिंजऱ्यात जन्मलेले’ म्हणून नोंदले होते, पण तेवढी पैदास करणारी केंद्रं तिथे नव्हतीच.

भारतात 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर साइटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी जाती बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. त्याचे नियम 28 फेब्रुवारी 2024 ला निघाले, आणि परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदीसाठी सहा महिने मिळाले. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा यात येतात. बजरीगर, कॉकटेल आणि पीचफेस लव्हबर्ड साइटिसच्या यादीत नाहीत, पण फिशर लव्हबर्ड आहे, आणि पुण्या-मुंबईतले कितीतरी पाळणारे इथेच फसतात. आपला रानातला पोपट परदेशी नाही. तो बाळगणंच गुन्हा आहे.

सरकारी नोंद एवढंच सांगते की पक्षी कोणाचा आहे. तो कोणापासून झाला, हे घरच्या वहीत लिहावं लागतं: रिंग नंबर, आई-बापाचे रिंग नंबर, अंडं घातल्याची आणि फुटल्याची तारीख, निष्फळ किती, कवचात मेलेली किती, आणि पिल्लू कोणाकडे गेलं. शेवटचा रकाना बहुतेक वह्यांत कोरा असतो. पाच वर्षांनी त्याच घराण्याचा नर दुसऱ्या शहरातून ‘नवं रक्त’ म्हणून विकत घेतला जातो, तो या कोऱ्या रकान्यामुळे.