‘पचते’ म्हणजे धोका नाही?

‘पोराला चार पेगांनीही चढत नाही, दारू पचते त्याला!’ हे कौतुक साफ चुकीचं आहे. चढत नाही म्हणजे मेंदूला ती कमी जाणवते. यकृतावर मारा चारही पेगांचाच होतो. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली, उभं करून डोलणं तपासलं. ज्यांना कमी चढली, त्यांच्यात पुढे व्यसन जास्त आढळलं.

पण नुसत्या यावरून कुणाला व्यसनीही ठरवू नका. मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका, २०१३ची डीएसएम-५, हिच्यात दारूच्या व्यसनाचे ११ निकष आहेत, त्यातले किमान २ एकाच वर्षात दिसावे लागतात. नवशिक्याची दारू सोसायची क्षमता तशीही वाढतेच. म्हणून ‘किती पचते?’ नको; ‘आधी कितीत चढायची, आता किती लागते?’ असं विचारा. आणि ठरवून थांबता येतं का, तेही.