उच्छ्वास-विश्लेषण (व्यायामजन्य ऑक्सिडेटिव्ह ताणाचे मापन)

एरोबिक व्यायामात स्नायूंचा ऑक्सिजन-वापर वाढतो आणि त्याबरोबर ऑक्सिजनची क्रियाशील मूलकेही (इतर रेणूंवर तुटून पडणारे अस्थिर कण) वाढतात; त्यांचा पेशींवर पडणारा भार म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण. पेशीपटलातील मेदाम्ले त्यांच्या तडाख्यात सापडली की ती फुटून हलके वायू सुटतात : ओमेगा-३ मेदाम्लांपासून ईथेन, ओमेगा-६ पासून पेंटेन. दोन्ही रक्तात जेमतेम विरघळतात, त्यामुळे फुप्फुसात येताच उच्छ्वासात उतरतात. सुई टोचावी लागत नाही, हे या पद्धतीचे मोठे आकर्षण.

१९७४ मध्ये उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड (शरीरात मूलके निर्माण करणारे विषारी द्रव्य) देऊन ईथेनचा हा संबंध दाखवला गेला. १९७८ मध्ये डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाला व्यायामसायकल चालवणाऱ्या माणसांच्या उच्छ्वासात पेंटेन वाढलेले आढळले. मूलकांना निष्प्रभ करणारे ई जीवनसत्त्व दिल्यावर ते घटले.

नमुना घेताना नाकाला चिमटा लावतात, तोंडात दुहेरी झडपेची नळी देतात आणि काही मिनिटे हायड्रोकार्बनमुक्त हवा श्वासावाटे देतात. ही पायरी गाळली तर मोजमाप खोलीतल्या हवेचेच होते. पेंटेन पेट्रोलमध्येही असते, म्हणून वाहनतळाशेजारची प्रयोगशाळा नकोच. मग उच्छ्वास निष्क्रिय (वायूंशी अभिक्रिया न करणाऱ्या) पिशवीत भरून गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले वायू लांब नळीतून (स्तंभातून) वेगवेगळे करून, तपासतात. ईथेन इतके बाष्पनशील (उत्कलनबिंदू उणे ८९° से.) की नेहमीच्या शोषक नळीत सामान्य तापमानाला ते टिकत नाही, खूप थंड केलेला सापळा लागतो. प्रोटॉन-हस्तांतरण वस्तुमान वर्णपटमापी (रेणूला प्रोटॉन चिकटवून त्याचे वस्तुमान मोजणारे यंत्र) येथे उपयोगाची नाही, कारण प्रोटॉनयुक्त पाण्याकडून ईथेन प्रोटॉन उचलतच नाही.

बहुतेक चुका आकडा वाचताना होतात. समजा, विश्रांतीत मिनिटाला ७ लिटर हवा बाहेर पडते आणि जोरात धावताना ७० लिटर. शरीरात ईथेन दुप्पट तयार झाले, तरी उच्छ्वासातील संहती (दर लिटर हवेतील प्रमाण) पाचव्या हिश्शावर येईल. म्हणून संहतीला मिनिट-श्वसनाने (मिनिटाला बाहेर पडणाऱ्या हवेने) गुणून शरीरवजनाच्या किलोमागे दर मिनिटाला किती पिकोमोल (मोलचा एक लाख-कोटीवा भाग), असे मांडतात. नुसती संहती देणारा अहवाल बाजूला ठेवावा.

पेंटेनचे दुखणे आणखी वेगळे. यकृत त्याचे विघटन करते. व्यायामात यकृताचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून निर्मिती न वाढताही ते उच्छ्वासात वाढू शकते. त्यातच काही क्रोमॅटोग्राफी स्तंभांवर ते आयसोप्रीन या उच्छ्वासातल्याच दुसऱ्या हायड्रोकार्बनबरोबर बाहेर पडते, आणि आयसोप्रीन तर व्यायामाच्या पहिल्याच मिनिटांत उसळी घेते. या दोन्ही बाबतींत ईथेन अधिक विश्वासाचे.

उच्छ्वास थंड करून मिळवलेल्या द्रवात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ८-आयसोप्रोस्टेन (मूलकांमुळे मेदाम्लांपासून बनणारे संयुग) हेही मोजतात. दहा मिनिटांत साधारण १-२ मिलिलिटर द्रव मिळतो, पण तो जवळजवळ सगळा पाणीच असतो. पेरॉक्साइड लवकर विघटित होते, म्हणून नमुना लगेच उणे ७०° से. किंवा त्याहून कमी तापमानाला गोठवावा लागतो. लाळ मिसळली तर तो टाकूनच द्यावा.