नलिनी मलानी : पुसलेल्या भिंतीपासून पुढे

चित्रकार नलिनी मलानी यांना २०२३ सालचा जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांची ओळख अनेक ठिकाणी ‘व्हिडिओ कलावंत’ एवढीच करून दिली गेली. ती अपुरी आहे. कराचीत १९४६ साली जन्म, फाळणीनंतर कलकत्ता, मग मुंबई, हा प्रवास परिचित आहे. मात्र मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतलं शिक्षण संपत असतानाच, १९६९ मध्ये, एका ज्येष्ठ चित्रकाराने चालवलेल्या कार्यशाळेत त्यांनी कॅमेरा हाती घेतला होता. ते लघुपट पुढे कैक वर्षं दुर्लक्षित राहिले. पॅरिसची शिष्यवृत्ती, रंगचित्रं, पारदर्शक पृष्ठभागावर उलट बाजूने रंगवण्याचं तंत्र हे सगळं त्यानंतरचं.

खरं वळण १९९२चं. काळा घोड्याच्या एका कलादालनात त्यांनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’साठी थेट भिंतींवर चित्रं काढली. लोहार चाळीतल्या स्टुडिओभोवती रोज दिसणारी कष्टकरी माणसं तेव्हा त्यांच्या चित्रांत आली होतीच. प्रदर्शन संपलं आणि चित्रं पुसली गेली. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं हेळसांडीमुळे नष्ट होत होती, त्याचा हा निषेध होता. यावरचा साधा आक्षेप असा की, जतनासाठी कळवळणाऱ्यानेच आपलं काम का पुसावं? तो रास्त वाटतो, पण टिकत नाही. शतकांचा ठेवा डोळ्यांदेखत जातो आणि कुणाला काही वाटत नाही. तेच नुकसान इथे पंधरवड्यात प्रेक्षकासमोर घडलं. शिवाय भिंत कुणाला विकत घेता येत नाही. चित्रांचा बाजार वाढण्याच्या बेतात असताना हा निर्णय घेणं सोपं नव्हतं, आणि त्याचं मोल आजही पुरेसं ओळखलं गेलेलं नाही. मागे उरलं ते चित्रीकरण. भिंतीकडून पडद्याकडे जाण्याचा रस्ता तिथूनच निघाला, असं मला वाटतं.

त्याच वर्षाअखेरीस बाबरी पडली, मुंबईत दंगली झाल्या. नाटकवाल्यांबरोबरची कामं याच काळातली. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ ही मंटोच्या फाळणीवरच्या कथेचं नाव घेणारी व्हिडिओ-मांडणी आली : पत्र्याच्या ट्रंकांत ठेवलेले टीव्ही, अणुस्फोटांची दृश्यं आणि समोरासमोरच्या पडद्यांवरून एकच साडी घडी करू पाहणाऱ्या दोन स्त्रिया. मुंबईच्या संग्रहालयात सहज फिरायला आलेल्यांनीही ती पाहिली.

पुढे फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवरच्या चित्रांच्या सावल्या भिंतीवरच्या व्हिडिओत मिसळू लागल्या. २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात हे छायानाट्य जगापुढे आलं, २०१७ मध्ये पॅरिसला सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. तिथेही भिंतीवरचं चित्र अखेर पुसलंच. अलीकडे त्या टॅब्लेटवर बोटाने रेखाटून अ‍ॅनिमेशन करतात. लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात २०२३ मध्ये जुन्या युरोपीय चित्रांच्या पडद्यावरच्या प्रतिमांवर अशाच रेषा उमटल्या, आणि त्या चित्रांत कडेला पडलेल्या बायका व नोकरचाकर त्यांनी पुढे आणले.