तक्ता आडवा फिरवला म्हणजे क्यू पद्धत होत नाही

लोकांची मतं अभ्यासायच्या दोन वाटा आहेत: आर पद्धत आणि क्यू पद्धत. आधी आर बघू. समजा, ठिबक सिंचनाबद्दलची 40 विधानं 300 शेतकऱ्यांना दिली आणि प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी खूण करून घेतली. कुठल्या विधानांची उत्तरं जोडीनं वर-खाली होतात ते पाहून ‘खर्चाची धास्ती’, ‘पाण्याची काळजी’ असे घटक काढले. ही आर पद्धत. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमननं 1904 मध्ये घटक विश्लेषणाचा, म्हणजे असे घटक काढण्याच्या तंत्राचा, पाया घातला तो याच वाटेनं. इथे नातं शोधायचं ते चलांचं, म्हणजे आपल्या उदाहरणात विधानांचं. माणूस म्हणजे तक्त्यातली एक ओळ.

स्पिअरमनच्याच हाताखाली काम केलेल्या विल्यम स्टीफन्सननं 1935 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाला पत्र लिहून ही दिशा उलटवली. सहसंबंध माणसामाणसांमध्ये काढायचा. त्याची क्यू पद्धत अशी: तीच 40 विधानं चिठ्ठ्यांवर लिहायची आणि उणे 4 ते अधिक 4 अशा रकान्यांत लावायला द्यायची. दोन्ही टोकांना दोन-दोनच जागा, मधल्या रकान्यात आठ. त्यामुळे सगळ्यालाच ‘हो’ म्हणून सुटता येत नाही. ‘हे पटतं, पण त्याहून ते जास्त’ असं करत माणूस चिठ्ठ्या हलवत बसतो, आणि खरा माल त्या हलवण्यातच असतो. ज्यांची मांडणी सारखी, ते एका घटकात येतात. तो घटक म्हणजे एक दृष्टिकोन.

मग आरचाच तक्ता संगणकात आडवा फिरवला, म्हणजे ओळींचे रकाने आणि रकान्यांच्या ओळी केल्या तर? प्रबंध लिहिणारे हा शॉर्टकट हमखास मारतात. पण तक्ता फिरवला की सरासरी निघते ती एकाच माणसाच्या सगळ्या आकड्यांची. एखाद्याची उंची, वजन आणि वय यांची सरासरी काढून बघा, काय हाती लागतं? सेंटिमीटर, किलो आणि वर्षं यांची खिचडी. क्यूमध्ये मात्र प्रत्येक चिठ्ठीला एकच माप: ‘माझ्या लेखी किती महत्त्वाचं’. मत-प्रश्नावलीत एककाची खिचडी नसते हे खरं, पण तिथे विधानं एकमेकांशी तोलली कुठे जातात? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट मात्र आर आणि क्यू या एकाच नाण्याच्या दोन बाजू मानत होता. 1939 मध्ये बर्ट आणि स्टीफन्सननं मिळून एक लेख छापला, तोही आपले मतभेद मांडणारा!

क्यूला तीस-चाळीस माणसं पुरतात. नमुना चोख हवा तो विधानांचा. पण ‘किती टक्के शेतकऱ्यांचं हे मत?’ असं तिला विचारू नये, त्यासाठी मोठं सर्वेक्षणच हवं. आणि भरलेल्या प्रश्नावल्या आधीच हातात असतील तर आरच करा. क्यू हवी असेल, तर चिठ्ठ्या घेऊन पुन्हा बांधावर जावं लागेल.